सशेवाले डाक्तर

काकांचा अंदाज सहसा चुकायचा, आणि अंदाज केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पेणला त्यांच्या घराची वरची खोली बघायला मी गेले, तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं. "आडनाव सांगू नकोस," म्हणाले. चष्मा कपाळावर चढवला, माझ्या कानांकडे बघितलं, मग हनुवटीकडे. "आई अलिबागकडची. वडील घाटावरचे. सातारा, कराड, तिथले."

"आई नाशिकची आहे," मी म्हटलं. "वडील रत्नागिरीचे."

ते जराही वरमले नाहीत. "मग आजी असेल," म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "खोली द्यायचीय ना तिला? मग कान कसले बघताय? गाय घ्यायला निघालाय काय?"

खोली मला मिळाली. चार वर्षं मी तिथे राहिले. रोह्याच्या पुढे एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी होती आणि कंपनीची बस पेणहून सुटायची. पहिली शिफ्ट असली की मी पहाटे जिना उतरायचे, तेव्हा काका अंगणात उभे असायचे आणि कुंपणावरच्या मांजराशी बोलत असायचे. "अहो, उतरा आता. रात्रभर कुठे होतात?" जनावरांना ते अहो-जाहो करायचे. बैलाला, शेळीला, रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीलासुद्धा. माणसांना मात्र सरसकट अरे-तुरे. नगरपालिकेतला मोठा साहेब घरी आला तरी "बस रे" म्हणायचे. काकूंनी एकदा टोकलं तर म्हणाले, "माणूस रागावला तर तोंडानं सांगतो. जनावराचा मान आपणच ठेवायला हवा."

सरकारी दवाखान्यातून ते पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले होते. गावात सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दरवेळी दुरुस्त करायचे. "डॉक्टर सही करतो. मी बैल धरणारा." खिशात कापडी टेप असायची, शिंप्याची असते तशी. आळीत नवं कुत्रं आलं की ते त्याच्या कानाची, शेपटीची मापं घ्यायचे आणि मग निकाल द्यायचे. "ह्यांचे वडील गडबचे. आईकडून पोलिसातलं रक्त आहे." गडबहून पोहे विकायला येणाऱ्या बाईने एकदा ते ऐकलं आणि म्हणाली, "डाक्तर, आमच्या गावात ह्या रंगाचा कुत्रा मी तरी बगितला नाय." काकांनी विषय तिच्या गावच्या कोंबड्यांवर नेला. कोंबड्यांबद्दलही ते चुकले.

आणखी एक खूळ होतं. होळी जवळ आली, ऊन तापायला लागलं की काका गोणपाटं भिजवायचे. शेजारच्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर, कुणाच्या गोठ्याच्या पत्र्यावर, आळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षाच्या टपावर, कारण तिच्या मागच्या सीटखाली एक मांजरी व्यायली होती. दुपारी बारा ते चार, दर तासाला बादली घेऊन फिरायचे. रिक्षावाला वैतागला होता. "डाक्तर, माझी गाडी गंजवाल तुमी." काका म्हणायचे, "गंजलेली दुरुस्त होते."

मला वाटायचं, निवृत्त माणसाला काही उद्योग हवा असतो, तसंच हे.

ससा मी घरी आणला, तो चौथ्या वर्षीच्या पावसाळ्यात.

त्या आठवड्यात अंबा नदीचं पाणी नागोठण्यात शिरलं होतं. दोन दिवस आमची बस बंद होती. तिसऱ्या दिवशी परत येताना नागोठण्यात बस अडली. रस्त्यावर गाळ, माणसं घरातून गाद्या, डबे बाहेर काढत होती. मी पाय मोकळे करायला उतरले. एका बंद घराच्या पडवीत, उंच खिळ्याला तारेचा पिंजरा टांगलेला दिसला. आत चिखलाचा गोळा होता आणि त्या गोळ्याला डोळे होते.

शेजारची बाई ओटा धूत होती. म्हणाली, "भाड्यानी राहनारी मान्सा व्हती. पानी वर यायला लागला तशी निघून गेली. पोराचा हाय तो ससा. घाईत वर टांगून ठेवला आसंल. त्यांचा फोनबी लागत नाय. तू नेतंस काय गो? नायतर मरंल तो हितं."

तिच्याकडे माझा नंबर ठेवून मी तो घेतला. नंतर कुणाचाच फोन आला नाही.

काकांनी पिंजरा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला वाटलं, जनावराची हालत बघून असेल. त्यांनी पिंजरा माझ्या हातातून घेतला, सावलीत ठेवला आणि पाऊस पडत असताना त्यावर ओलं गोणपाट टाकलं. काकू माझ्याकडे बघून आत निघून गेल्या.

तीन दिवस त्यांनी त्याला कोमट फडक्याने पुसलं. चिखल गेला तसा आतून प्राणी निघाला. मादी होती. पाठ राखाडी-तपकिरी, पोट पांढरं, गळ्याखाली जाड घडी, आणि कान मात्र बिनजोडीचे: उजवा ताठ, डावा गालावर पडलेला. काका तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. "बाई, पाला घ्या. बाई, पाय दाखवा."

मग अंदाज सुरू झाले. त्यासाठी त्यांनी नवी वही आणली.

पहिल्या दिवशीचा निकाल होता, चिंचिला आणि न्यूझीलंड व्हाइट ह्या जातींचा संकर. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तिच्या पाठीवर फुंकर मारली. केस बाजूला झाले आणि आत वर्तुळं दिसली, मुळाशी निळसर, मग पांढरं, मग काळं टोक. "हे चिंचिलाचं लक्षण," म्हणाले. दोन दिवसांनी केस फुलून आले तेव्हा, "अंगोरा आहे थोडा. आजोबांकडून." मग पडलेल्या कानाने त्यांना छळायला सुरुवात केली. असा कान आपल्याकडच्या सरकारी जातींत नसतो, तो हौसेच्या, दुकानातल्या सशांचा. मला मोबाईलवर फोटो शोधायला लावले. मी कंपनीतून थकून यायचे, तर जिन्याच्या पायरीवर काका टेप घेऊन बसलेले. "डावा कान सव्वाचार इंच. उजवा चार. हे कसं?"

"पडून पडून लांबला असेल," काकू म्हणायच्या. "माझंही तसंच झालंय तुमचं ऐकून."

कोल्हापूरच्या जुन्या सहकाऱ्याला त्यांनी फोटो पाठवले. तो म्हणाला डच. पनवेलचा एक तरुण पशुवैद्य म्हणाला, काका, चार-पाच जातींची खिचडी आहे, सोडून द्या. काकांनी ती खिचडीसुद्धा वहीत लिहून घेतली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. आळीतली माणसं मुद्दाम येऊन मत द्यायला लागली. पोहेवाली म्हणाली, रानातल्या सशाची आहे. काकांनी तिला शांतपणे समजावलं की रानातला ससा आणि हा, ह्यांचं कधी जुळत नाही. त्या दिवसांत काका इतके खुशीत होते की मला आपण फार मोठं काम केलं असं वाटायचं.

नवरात्राच्या आसपास एक दिवस त्यांनी तिला उताणी धरली आणि पायाच्या तळव्याचे केस बघितले. बराच वेळ बघत राहिले. मग वहीत दोन शब्द लिहिले: ग्रे जायंट. त्यानंतर त्यांनी वही मिटली. चार-पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, काकूंशीही नाही. जेवताना ताटावरून उठून पिंजऱ्यापाशी जायचे आणि उभे राहायचे.

रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. काका अंगणात खुर्चीवर होते. त्यांनी हाक मारली.

"तू रोह्याला जातेस ना रोज," म्हणाले. "मला एकदा घेऊन जा. मला एकट्याला जमत नाही."

"कुणाकडे जायचंय?"

मग त्यांनी सांगितलं. सरळ, एका दमात, मापं सांगावीत तसं.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी ते रोह्याच्या बाजूला नेमणुकीवर होते. एक योजना आली, सशांची. वाड्यांवरच्या लोकांना ससे द्यायचे, ते वाढवतील, मांस-कातडं विकलं जाईल, पोट चालेल. कुंडलिकेच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक कातकरवाडी होती. काका तिथे गेले आणि त्यांनी ससे पाळायची गोष्ट काढली, तेव्हा सगळी वाडी हसली. ससा कुणी पाळतो? ससा तर धरून खायचा असतो. एक बाई तेवढी हसली नाही. तिचं नाव ठमी. तिने प्रश्न विचारले. काय खातात, किती पिल्लं घालतात, पिल्लं कधी वेगळी करायची. काकांनी तिला एक नर आणि चार माद्या दिल्या. नर होता ग्रे जायंट जातीचा, तळव्यांना दाट केस असलेला. पत्र्याचं छप्पर असलेले पिंजरे दिले. पत्रा हा सरकारी नमुन्यातच होता.

ती वाडी दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, पाऊस येईपर्यंत. ठमीही जाणार होती. "मी तिला म्हटलं, जाऊ नकोस," काका म्हणाले. "म्हटलं, ससा पाण्यावाचून एक दिवस काढत नाही. कुणीतरी थांबलं पाहिजे. ती थांबली. तिचा नवरा गेला आणि भाकरी करायला मुलीला घेऊन गेला. सोनी. एवढीशी होती. पिंजऱ्यात हात घालून नराचे कान चोळायची."

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. शिमग्याच्या सुमाराला एका दुपारी पत्रे तापले आणि ससे पटापट मेले. ठमी ओढ्यावरून पाणी आणत होती, गोणपाटं ओली करत होती, पुरं पडलं नाही. दुसऱ्या दिवशी काका पोचले. पिल्लं धरून एकतीस मेले होते, दोन माद्या जिवंत होत्या. नियम असा की मेलेल्याची नोंद करायची: जात, लिंग, वजन, कारण. काका रजिस्टर मांडीवर घेऊन लिहायला बसले. ठमी एकेक ससा उचलून काट्यावर ठेवत होती. वाटेवरून तिचा नवरा येताना दिसला. एकटाच होता. तो आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, सोनी गेली. भट्टीवर ताप आला, चार दिवस झाले, तिथेच पुरली.

"ठमी खाली बसली," काका म्हणाले. "तिच्या हातात ससा होता. आणि मी..." ते थांबले. "मी नोंद पुरी केली. माझे नऊ का दहा राहिले होते. मला कळेना काय करावं. मी खाली मान घालून लिहीत राहिलो. जात, लिंग, वजन. सगळे लिहिले. सही केली. मग उठलो आणि सायकल काढली."

"नंतर गेलात?"

"एकदा. आठवड्याने. ती फारसं बोलली नाही. त्या दोन माद्यांचे पिंजरेही रिकामे होते. मी विचारलं तर रानाकडे हात केला, सोडल्या म्हणाली. मी त्या दोघींचीही नोंद 'मृत' अशी केली. मग बदली मागून घेतली."

मी पिंजऱ्याकडे बघितलं. बाई पाला खात होती. "काका, तीस वर्षं झाली. ह्या सशांना रानात आठवडाभरही..."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मला नाही माहीत तर कुणाला माहीत? पण तळवे तसेच आहेत गं."

पुढच्या रविवारी आम्ही दिवा-रोहा गाडीने निघालो. काकांच्या मांडीवर झाकणाची टोपली होती, तिच्यावर ओला पंचा. काकूंनी डबा दिला होता, तो त्यांनी उघडला नाही. कासू गेलं, नागोठणे गेलं, ते खिडकीबाहेर बघत होते आणि दर थोड्या वेळाने पंच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडत होते. रोह्याला उतरून रिक्षा केली, पुढे अर्धा तास चाललो. वाडी होती तिथेच होती. काही घरं पक्की झाली होती. ठमी जिवंत असेल का, हे आम्हाला माहीत नव्हतं.

ती अंगणात वरी वाळत घालत होती. बारीक, वाकलेली, केस पांढरे. काका दहा पावलांवर थांबले.

"ओळखलंत का?" त्यांनी विचारलं.

चार वर्षांत मी त्यांना माणसाला अहो म्हणताना पहिल्यांदा ऐकलं.

तिने डोळ्यांवर हात धरला. "सशेवाले डाक्तर," म्हणाली. लगेच. "लय म्हातारे झालाव."

तिच्या सुनेने प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. काका जमिनीवर बसले. टोपली उघडून त्यांनी बाईंना बाहेर काढलं आणि ठमीच्या पुढे धरलं. "बघा जरा. ही आपल्यातली आहे का? तुम्ही दोन सोडल्या होत्या रानात. त्यांच्यातली?"

ठमीने ससा घेतला. काय सराईत घेतला! एका हाताने पाठीची कातडी, दुसरा हात बुडाखाली. पाठीवर फुंकर मारली. तळवे बघितले. पडलेला कान उचलून सोडून दिला.

"नाय," म्हणाली. "ह्यो आपला नाय."

"तळवे बघितलेत?"

"बगितले. नाय." तिने ससा मांडीवर ठेवला. "आनि सोडल्या कुठं मी? खाल्ल्या आमी. घरात काय नव्हता तवा. तुमी सरकारची मान्सा, भ्या वाटला, म्हून सोडल्या म्हटला."

काकांनी फक्त मान हलवली, समजलं अशी. सून कोंबड्या हाकत मागे गेली.

मग काका म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. सोनीचं कळलं तेव्हा."

"व्हय," ठमी म्हणाली. तिने ते मोठ्या शांतपणे म्हटलं. "पन तुमी लिवत व्हताव. मना तेवडा बरा वाटला. सोनीचा नाव कुठंच नव्हता. साळत नव्हता, रेसनच्या कागदात नव्हता. पुरली तवा मी नव्हते. म्हटला, सायबांनी लिवला. सरकारात लिवलेला ऱ्हाईल. पोर व्हती म्हून."

मला वाटलं, आता काकांनी गप्प बसावं. तीस वर्षं ती बाई ज्याच्यावर टेकून होती, ते तसंच राहू द्यावं. नुसतं हो म्हणावं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ते हो म्हणणार नाहीत.

"नाही ठमाबाई," ते म्हणाले. "मी सशांचं लिहीत होतो."

तिला पहिल्यांदा कळलं नसावं. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"सोनीचं नाही लिहिलं. मेलेले ससे लिहीत होतो."

तिचा हात सशाच्या पाठीवर होता तो तिथेच थांबला. मग तिने ससा उचलला, टोपलीत ठेवला, घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याची वाटी होती. ती तिने टोपलीत ठेवली. "पाजा त्याला. उनाचा आनलाय," म्हणाली. बाई पाणी प्यायल्या. ठमीने वाटी घेतली. "जावा आता. गाडी जाईल तुमची."

आणि ती वरी पसरायला वळली. आम्ही वाट उतरेपर्यंत तिने मागे बघितलं नाही.

त्यानंतर काकांनी बाईंच्या जातीबद्दल काही म्हटलं नाही. टेप खिशातून गेली. कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "ससा आहे." वही मी एकदा मागितली तर रद्दीत दिली म्हणाले. आळीतल्या कुत्र्यांची मापंही थांबली. माझ्याकडे एक मैत्रीण दोन दिवस राहायला आली होती, तिला बघून मी मुद्दाम म्हटलं, "काका, ओळखा कुठली." त्यांनी तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. "तीच सांगेल की," म्हणाले.

त्यांचं दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. आधी जुनं रजिस्टर शोधायला गेले, ते कधीच भिजून गेलं होतं. मग सोनीच्या मृत्यूची नोंद करून घ्यायची असं त्यांनी ठरवलं. अर्ज मला लिहायला लावला, कारण त्यांच्या अक्षराला साहेब लोक हसतात म्हणाले. ओटीवर बसून ते सांगत गेले, मी लिहीत गेले. बापाचं नाव त्यांना पाठ होतं, लाभार्थ्यांच्या यादीत रोज लिहिलेलं. वयाशी अडले. "ठमाबाईंना विचारून येऊ?" मी म्हटलं. "नको," ते म्हणाले. "झाल्यावर जाईन. काम झाल्यावरच तोंड दाखवीन." मग डोळे मिटून, हाताने जमिनीपासून उंची धरून बघितली आणि म्हणाले, "अंदाजे आठ लिही."

भट्टी दुसऱ्या तालुक्यात होती. तिथे आता भट्टी नव्हती, चाळी उठल्या होत्या. काका तिथे पाच वेळा गेले. एकदा मी बरोबर होते. तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून चांगला माणूस होता, त्याने त्यांना आत बोलावून बसवलं, चहा दिला. म्हणाला, "काका, जन्माची नोंद नाही, दाखला नाही, साक्षीदार नाही. जी मुलगी कागदावर कधी जन्मलीच नाही, ती मेली असं मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"मी साक्षीदार आहे," काका म्हणाले.

"तुम्ही होतात तिथे? भट्टीवर?"

"नव्हतो."

अर्जावर 'पुराव्याअभावी परत' असा शेरा मारून त्याने तो आम्हाला दिला. पुढे कोर्टातून करता येईल असं कुणी सांगितलं, तेव्हा काका वकिलाकडे जायला निघाले. पण थंडीत त्यांना ताप भरला. छातीत कफ झाला. पनवेलला नेलं, सहाव्या दिवशी सकाळी गेले. मी तेव्हा शिफ्टवर होते.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला खाली बोलावलं. त्यांच्या हातात तो अर्ज होता. "तू लिवलेलास ना हा? ह्यांच्या उशीखाली होता."

"काकू, तुम्हाला माहीत होतं सगळं?"

"लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून," त्या म्हणाल्या. "घरात साधी चिमणी नव्हती आमच्या, आणि हा माणूस भर दुपारी अंगणात गोणपाट भिजवून उभा. विचारला मी. सांगितलान. परत कधी विषय नाय काढला आम्ही दोघांनी." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "तिला सांगायला हवा कोणीतरी. तू जाशील काय गो? मना चालवत नाय तेवढं."

मी एकटीच गेले. ठमी अंगणातच होती, शेणाने सारवत होती. मला बघून तिने माझ्या पाठीमागे बघितलं, वाटेकडे.

"काका गेले," मी म्हटलं.

तिने हात धुतले आणि माझ्यासमोर बसली. "कवा?"

"महिना होईल."

"आनि तो ससा?"

"काकूंकडे आहे. बरा आहे."

तिने मान हलवली. मी अर्ज काढला आणि तिला सगळं सांगितलं. काका किती वेळा गेले, कारकून काय म्हणाला, शेरा काय आहे. हेही सांगितलं की कागद परत आला आहे, सरकारात अजून काहीच लिहिलेलं नाही. ती ऐकत होती. मग कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

"सोनी कुठं हाय ह्याच्यात?"

मी बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. सारवणाचा ओला डाग कागदावर उमटला.

"वाच."

मी वाचलं. "मयताचे नाव, सोनी. वडिलांचे नाव..." तिने नवऱ्याच्या नावाला मान हलवली. "वय, अंदाजे आठ वर्षे."

"आठ नाय गो," ठमी म्हणाली. "ती गेली तवा नववा सरत आला व्हता तिचा. माज्या खांद्याला लागायची. आठ कशी?"

मी पर्समधून पेन काढलं. 'अंदाजे आठ' खोडलं आणि वर 'नऊ' लिहिलं.

"लिवला?"

"लिहिलं."

तिने कागद परत माझ्या हातातून घेतला आणि शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांत सपाट धरून बसली.